एका पाकस्पर्धेचें पुनर्दर्शन

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत घरच्या मुलांच्या आग्रहावरून आम्हीं एक जुनी पाकस्पर्धा पुन्हां पाहिली. ही स्पर्धा दूरचित्रवाणीवरची, आणि तीही आपल्या देशांतील नव्हे, इंग्लंडांतील. तिचें नांव ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’. जिचा निकाल आधींच ठाऊक आहे अशी स्पर्धा पुन्हां पाहण्यांत काय हंशील, असें कित्येक वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु तिचे दहा भाग पाहून होईपर्यंत आमचें एक मत पार बदललें. आणि तें मत कांहीं वर्षांपूर्वी आम्हीं याच शाळेच्या एका वर्गांत मोठ्या ठासून सांगितलें होतें. तेव्हां तें कां बदललें हें येथें सांगणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

प्रथम स्पर्धेची थोडी माहिती दिली पाहिजे. बी. बी. सी. या संस्थेनें ती २०१० सालीं सुरू केली. आम्ही लिहीत आहों तें तिचें पांचवें वर्ष, म्हणजे २०१४ सालचें. बर्कशायर परगण्यांत वेलफर्ड पार्क नांवाचा एक जुना वाडा आहे. त्याच्या हिरवळीवर मोठा पांढरा तंबू ठोकलेला, आणि त्यांत बारा स्पर्धक आपापल्या ओट्यापाशीं उभे. यांतील कोणीही धंद्यानें भटारी नव्हता. रिचर्ड हा घरें बांधणारा. त्याच्या कानावर सदा पेन्सिल खोंचलेली असे. मार्था ही सतरा वर्षांची विद्यार्थिनी; तिच्या परीक्षेचा अभ्यास आणि स्पर्धा एकाच वेळीं चालल्या होत्या. (आमच्या घरच्या एका परीक्षार्थ्यानें ही गोष्ट ऐकून न ऐकल्यासारखी केली.) चेतना ही तर आपल्या देशाची, जबलपूरची. ती शेवटच्या चौघांपर्यंत पोंचली, आणि पुढें २०१६ सालीं तिनें ‘द कार्डमम ट्रेल’ नांवाचें, म्हणजे वेलदोड्याची वाट दाखविणारें, एक पुस्तकही लिहिलें. परीक्षक दोन: त्या वेळीं ऐंशीच्या घरांत आलेल्या मेरी बेरी, आणि भटाऱ्याचा मुलगा व स्वतः भटारी असलेले पॉल हॉलिवुड. जिंकणारास रोख पैसा कांहीं नाहीं. केक ठेवण्याची एक नक्षीदार बैठक आणि फुलांचा गुच्छ, एवढ्यासाठीं ही सारी जिवाची ओढाताण!

दर आठवड्यास तीन कसोट्या असत. पहिल्या कसोटींत स्पर्धकानें घरीं गिरवून आणलेला पदार्थ करावयाचा. तिसरींत डोळे दिपवील असें कांहीं भव्य करून दाखवावयाचें. मधली कसोटी आम्हांस सर्वांत आवडली. तींत सर्वांस एकच अनपेक्षित पदार्थ देतात आणि कृति अर्धवट सांगतात. ‘भाजा’ एवढेंच लिहिलेलें, किती वेळ तें नाहीं. शिवाय या कसोटीपुरतें परीक्षकांस कोणता पदार्थ कोणाचा हें कळूं देत नाहींत. आम्हां प्रेक्षकांचें नेमकें याच्या उलट असतें. त्यांना चव कळते, नांव कळत नाहीं; आम्हांस नांवें आणि चेहरे सगळे कळतात, चव मात्र एकाचीही कळत नाहीं. पहिल्या खेपेस हा भेद आमच्या ध्यानांतही आला नव्हता.

निकाल ठाऊक असला म्हणजे डोळे निराळ्या ठिकाणीं फिरूं लागतात. पहिल्या खेपेस आम्हीं सारें लक्ष रिचर्डवर ठेवलें होतें, कारण आठवड्याच्या उत्तम स्पर्धकाचा मान त्यानें पांच वेळां मिळविला. तरी अंतीं जिंकली ती नॅन्सी, जिला तो मान पहिल्या आठवड्यांत एकदांच मिळाला होता. अंतिम दिवशीं मागील गुणांची बेरीज धरीत नाहींत, त्या दिवशींचें कामच तेवढें पाहतात. हें प्रथम आम्हांस अन्यायाचें वाटलें होतें. आतां नॅन्सीकडे पहिल्यापासून पाहिलें, तों ती कधींच फारशी धांवपळ करीत नव्हती असें दिसलें. परंतु हें आमचें निरीक्षण खरें, कीं जिंकलेल्या माणसांत मागाहून गुण दिसूं लागतात त्यांतलाच हा प्रकार, हें सांगणें कठीण आहे. असो.

आतां मूळ गोष्ट. चौथ्या भागांत, जो २७ ऑगस्ट २०१४ रोजीं दाखविला गेला, तिसऱ्या कसोटीस ‘बेक्ड अलास्का’ नांवाचा पदार्थ होता. खालीं स्पंज केकचा थर, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, आणि त्या सर्वांवर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा साखर घालून फेटलेला दाट फेस. हें सर्व कडक तापलेल्या भट्टींत कांहीं मिनिटें ठेवावयाचें, कीं फेस तांबूस होतो आणि आंतील आइस्क्रीम गोठलेलेंच राहतें. हें ऐकून मुलांस जादू वाटते, परंतु जादू नाहीं. एक ग्रॅम बर्फाचें तितक्याच थंड पाण्यांत रूपांतर करावयास ८० कॅलरी उष्णता लागते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतात. भट्टींत उष्णता उदंड आहे. प्रश्न इतकाच, कीं ती आंत किती वेगानें पोंचते. फेटलेल्या फेसांत हवेचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, आणि कोंडलेली हवा उष्णतेची फार मंद वाहक असते. दुलईची ऊब ती हीच; कापसांत अडकलेली हवा अंगची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यांत बर्फाची लादी भुशांत व गोणपाटांत गुंडाळतात तीही याच कारणानें. तेथें बाहेरची उष्णता आंत येऊं द्यावयाची नसते. खालच्या केकची जाळीही तेंच काम करते.

उष्णतेच्या वहनावर पुष्कळ प्रयोग करणारा शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) याच्याकडे कित्येक लेखक या पदार्थाचें जनकत्व देतात. नांवाचा संबंध मात्र अमेरिकेशीं आहे. १८६७ सालीं अमेरिकेनें रशियाकडून अलास्का प्रांत ७२ लक्ष डॉलरांस विकत घेतला. पुढें न्यूयॉर्कच्या डेलमोनिको उपाहारगृहाचा मुख्य आचारी शार्ल रॅनहोफर यानें १८९४ सालच्या आपल्या पाकग्रंथांत अशा पदार्थास ‘अलास्का-फ्लोरिडा’ असें नांव दिलें. एक प्रांत हिमाचा, दुसरा उन्हाचा.

या युक्तीस एक अट आहे. भट्टींत जाण्यापूर्वी आइस्क्रीम दगडासारखें घट्ट झालेलें पाहिजे. तंबूंत त्या दिवशीं उष्मा होता, आइस्क्रीम तेथेंच करावयाचें होतें, आणि वेळ मोजका. इयान नांवाच्या तरुण स्पर्धकानें काळ्या तिळांचें आइस्क्रीम केलें होतें. पडद्यावर आम्हीं जें पाहिलें तें असें: डायना नांवाच्या वृद्ध बाई फ्रीझर उघडून त्याचें आइस्क्रीम बाहेर काढून ठेवतात, मग इयान येतो, पाहतो, तों आइस्क्रीम मऊ. तो संतापतो, सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यांत टाकतो आणि तंबूबाहेर निघून जातो. नंतर परीक्षकांपुढें तो पदार्थाऐवजीं तो डबाच घेऊन येतो. त्या आठवड्यांत त्याला घरीं जावें लागलें.

हें पाहून इंग्लंडांत मोठा गहजब उडाला. शेंकडों प्रेक्षकांनीं तक्रारी लिहिल्या. इकडे आम्हींही आमच्या परीनें हातभार लावला. नीतिपाठाच्या तासाला, दुसऱ्याचें काम बिघडवून पुढें जाणाऱ्या माणसाचें उदाहरण म्हणून आम्हीं डायनाबाईंची गोष्ट सांगितली आणि चांगली रंगवून सांगितली. मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, तें आइस्क्रीम किती वेळ बाहेर होतें?” आम्हीं म्हणालों, “तो प्रश्न नाहीं, खालीं बस.” ती बसली.

तोच प्रश्न होता. दुसऱ्या खेपेस तो भाग पाहतांना आम्हीं तें दृश्य थांबवून, मागें नेऊन, चार-पांच वेळां पाहिलें. बाई आइस्क्रीम बाहेर काढतात हें एक चित्र. इयान तें पाहतो हें दुसरें. या दोहोंच्या मध्यें किती काळ गेला, हें पडद्यावर कोठेंच नाहीं. तो काळ आम्हींच भरला होता, आणि भरपूर भरला होता. वाचकांनीं हेंही ध्यानांत घ्यावें, कीं प्रत्येक भागाचें चित्रण दोन दिवस चालतें, अनेक यंत्रांनीं चालतें, आणि त्यांतून निवडून जोडलेला अवघा एक तास आपल्यापुढें येतो. जोडणारास गोष्ट सांगावयाची असते. त्यानें खोटें चित्र एकही घातलें नसलें, तरी कोणत्या चित्राशेजारीं कोणतें ठेवावें हें त्याच्या हातीं असतें. आणि दोन चित्रें शेजारीं आलीं, कीं पाहणाराचें मन एकास कारण व दुसऱ्यास कार्य ठरवून मोकळें होतें.

वस्तुतः तें आइस्क्रीम चाळीस सेकंद बाहेर होतें. कार्यक्रमाच्या सूत्रधार स्यू पर्किन्स आणि परीक्षक हॉलिवुड या दोघांनींही तें लगेच जाहीरपणें सांगितलें. त्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. आम्हीं ती शोधली नाहीं, कारण आम्हांस शंकाच नव्हती. इयान गेला तो डायनाबाईंमुळें नव्हे. त्यानें परीक्षकांपुढें चाखावयास कांहींच ठेवलें नव्हतें. स्पंज केक असता, फेस असता, मऊ झालेलें आइस्क्रीम असतें, तरी त्यांना कांहीं तरी तोलून पाहतां आलें असतें. मात्र त्याच्या संतापाचें आम्हांस हंसूं येत नाहीं. कित्येक तासांचें काम डोळ्यांदेखत पातळ होतांना पाहून शांत राहणारे थोडे.

डायनाबाईंची गोष्ट इथें संपत नाहीं. पुढच्या भागांत त्या दिसल्याच नाहींत, तेव्हां आम्हीं घरांत म्हणालों होतों, “गेल्या पळून!” त्या आजारी पडल्यामुळें स्पर्धेंतून निघाल्या होत्या, आणि कार्यक्रमांत तसें सांगितलेंही होतें, आम्हीं तें निमित्त समजलों. आतां तारखा जुळवून पाहिल्या, तों आमचा तर्क मुळींच टिकत नाहीं. सगळें चित्रण पहिला भाग दाखविण्याच्या आधींच आटोपलें होतें. ज्या दिवशीं त्यांनीं तंबू सोडला त्या दिवशीं तो गहजब मुळीं झालाच नव्हता. त्यापासून त्या पळतील कशा? इंग्लंडांतील ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ या स्त्रियांच्या संस्थेच्या पाकस्पर्धांत त्या स्वतः परीक्षक म्हणून बसत. अशा बाईंना वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, प्रकृति बिघडलेली असतांना, देशभर लबाड म्हणवून घ्यावें लागलें.

मुलांनीं एक प्रयोग सुचविला, तो आम्हीं भर मे महिन्यांत दुपारीं केला. बाजारचें आइस्क्रीम फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवलें आणि घड्याळ धरलें. चाळीस सेकंदांनीं डब्याला बाहेरून घाम आला, कांठाशीं बोट किंचित् रुतलें, मध्यें चमचा शिरेना. यावरून सर्व सिद्ध झालें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आमचें आइस्क्रीम कित्येक दिवस गोठलेलें, त्याचें नुकतें केलेलें. जें अजून घट्ट झालेंच नव्हतें त्याला चाळीस सेकंदही जाणवतील. परंतु तें घट्ट झालेंच नव्हतें, तर मग दोष उष्म्याचा आणि अपुऱ्या वेळाचा, कीं बाईंचा? हा वाद घरांत दोन दिवस चालला. आमची धाकटी पुतणी अजूनही इयानच्या बाजूची आहे, आणि तिचें म्हणणें, दुसऱ्याची वस्तु विचारल्याशिवाय हलवूं नये, आम्हांस खोडून काढतां आलें नाहीं.

नीतिपाठाच्या त्या तासाला बसलेलीं मुलें आतां शाळा सोडून गेलीं आहेत. ज्या मुलीस आम्हीं खालीं बसविलें तिचा पत्ता आम्हांजवळ नाहीं; पण तिची धाकटी बहीण यंदा आठवींत आहे. तिनें हा अंक घरीं नेला म्हणजे हें पान ताईस दाखवावें, आणि सरांनीं उत्तर पाठविलें आहे म्हणून सांगावें: चाळीस सेकंद.