युरिया, पित्ताची गोळी आणि जठराचा कर्करोग

वडूजच्या शिवारात युरियाचा स्वभाव कुणाला सांगावा लागत नाही. ओलसर रानावर टाकून तसाच उघडा ठेवला, की त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. मातीतल्या जीवाणूंकडे युरिया फोडणारं 'युरिएज' नावाचं विकर असतं, त्याचा हा उद्योग.

तोच उद्योग जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू करतो. युरियापासून अमोनिया बनवून तो भोवतालचं आम्ल मारतो आणि तग धरतो. १९८४ साली ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी हे जीवाणू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. या जीवाणूच्या शोधासाठी २००५ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. या जीवाणूची लागण झालेल्या बहुतेकांना जठराचा कर्करोग होत नाही. पण जठराचं अस्तर वर्षानुवर्षं सुजून विरत गेलं, तर धोका वाढतो.

हे जीवाणू आहेत का ते पाहायला दुर्बिणीतून अस्तराचा तीळभर तुकडा काढून युरिया घातलेल्या पिवळ्या जेलवर ठेवतात. जीवाणू असले की अमोनिया सुटतो आणि जेल गुलाबी होतं. शरीरातल्या अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात. मात्र प्रत्येक खूण एकाच प्रश्नाचं उत्तर देते. रक्तातल्या पेप्सिनोजेनवरून अस्तर विरल्याचा अंदाज येतो. 'हर-टू' हे प्रथिन गाठीच्या तुकड्यात तपासतात, ते औषध ठरवण्यासाठी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' चाचणीत, हर-टू असलेल्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना केमोथेरपीसोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं.

तपासणीच्या पॅकेजमध्ये मिळणारी 'सीईए' चाचणी मात्र निदानाला पुरत नाही. सुरुवातीच्या कर्करोगात ती अनेकदा नॉर्मल येते आणि नुसत्या धूम्रपानानेही वाढू शकते. तिचा उपयोग मुख्यतः उपचारानंतर लक्ष ठेवायला.

आणखी एक मेख आहे. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी जीवाणूंना दडपते. मग ते असूनही जेल पिवळंच राहू शकतं. म्हणून अशी गोळी या चाचणीआधी साधारण दोन आठवडे बंद ठेवतात, तीही डॉक्टरांना विचारूनच.

वजन घटतंय, घास अडकतोय, शौचाला काळी होतेय, रक्त कमी झालंय, यातलं काहीही असेल, तर मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या.