पडलेल्या फांदीवरची सीतेची वेणी

वळवाचा पाऊस झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी जांभूळ गावाच्या शिवारात जुन्या आंब्यांखाली फिरायला मी निघतो. उल्हास नदीच्या या पट्ट्याची ओळख बहुतेकांना पाण्यामुळे असते. बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना जातं. माझी नजर मात्र मोडून पडलेल्या फांद्यांवर असते. त्यांवर पुष्कळदा सीतेची वेणी असते, आणि जमिनीवर पडलेली वेणी पावसाळ्यात कुजून जाते. ती उचलून पुन्हा झाडावर बांधायची, एवढंच हे काम.

सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा हे ऑर्किड. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाचं हे राज्यफूल. आसामात बिहूला मुली ते केसांत माळतात. सह्याद्रीच्या सदाहरित रानापासून खालच्या पानगळीच्या जंगलापर्यंत ते आढळतं. पानं जाड, चामड्यासारखी, पन्हळीसारखी दुमडलेली. उन्हाळा सरता सरता पानांच्या बगलेतून तुरा खाली लोंबतो. त्यावर दाटीवाटीने शंभराच्या वर फुलं, पांढरी, गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची, आणि प्रत्येकाची एक पाकळी गडद. फुलोरा दोन-तीन आठवडे टिकतो. बाकीचं वर्ष हे झाड कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि तिथेच त्याचा घात होतो.

कारण बागवाल्यांना ते बांडगूळ वाटतं. बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवून रस शोषतं. वेणी तसं काही करत नाही. तिची जाड मुळं सालीला फक्त धरून असतात. पाणी पावसाचं आणि दवाचं, खाद्य सालीच्या भेगांत साठलेल्या पालापाचोळ्याचं. मुळांभोवती मृत पेशींचा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरड्या दिवसांत मूळ पांढुरकं दिसतं. त्यावर ओंजळभर पाणी ओता. थर टिपकागदासारखा ते ओढून घेतो आणि बघता बघता आतला हिरवा रंग वर येतो. जिवंत मूळ ओळखायची माझी खूण हीच. जे मूळ ओलं होऊनही तपकिरी राहतं आणि चिमटीत दबतं, ते मेलेलं. ते कापून टाकायचं.

वेणी सालीपासून ओरबाडायची नाही. फांदीला ती घट्ट धरून असेल तर सालीचा तो तुकडाच सोलून घ्यायचा. मग नवं झाड शोधायचं. साल खरखरीत हवी: आंबा, ऐन, जांभूळ. पेरूसारखी साल सोडणारी झाडं नकोत. जागा खोडावर किंवा जाड फांदीच्या बेचक्याजवळ, सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं टळेल अशी. वेणी किंचित खाली झुकलेली बांधायची, म्हणजे पानांच्या गाभ्यात पाणी साचून तो सडत नाही. माती अजिबात लावायची नाही. बांधायला काथ्या किंवा जुन्या सुती कपड्याची पट्टी पुरते. ती कुजेपर्यंत नवी मुळं सालीला चिकटलेली असतात. तार वापरली तर ती मुळांतही रुतते आणि फांदीतही. मृग लागायच्या सुमारास मुळांची टोकं हिरवी होऊन वाढू लागतात, तोच बांधायचा खरा काळ.

ऐनाचा विषय निघाला म्हणून सांगतो. भातशेतीत राब भाजण्यासाठी ऐनाचे टहाळ तोडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या तोडीत वेणीचं फारसं नुकसान झालेलं मला दिसत नाही, कारण टहाळ बारीक फांद्यांचे असतात आणि वेणी बसते खोडावर नि जाड फांद्यांवर. तिला संपवते ती मुळापासून होणारी तोड, रस्त्यासाठी, इमारतीसाठी.

ती तोड एवढी महागात का पडते, हे बीज पाहिलं की कळतं. बोंड उकललं की धुळीइतकं बारीक बी वाऱ्यावर जातं. एका बोंडात हजारो बिया, पण एकीतही साठवलेलं अन्न नाही. सालीवर योग्य बुरशी भेटली तरच बी रुजतं. ऑर्किडच्या बीजाला बुरशी लागते हे नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये ओळखलं. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखरेच्या माध्यमावर, बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवलं. त्यामुळे आज ऑर्किड बाटलीत वाढवता येतं. भेगाळलेली, शेवाळलेली, बुरशी वस्तीला आलेली साल मात्र कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही. त्याला झाड म्हातारं व्हावं लागतं.

महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षणाच्या 1975 च्या कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. अट चांगली आहे. पण साठ वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात लावलेल्या साठ रोपांपैकी एकावरही वेणीला आज जागा नाही. वारसा वृक्षाची परवानगी देताना खोडावर काय वाढलं आहे याचीही नोंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर आपल्या हातात असलेलं करू या. तुमच्या आवारातल्या आंब्यावर जाड, पन्हळीसारख्या पानांचं झाड दिसलं तर बांडगूळ समजून कोयता लावू नका. जवळ एखादं झाड तुटणार असेल, तर करवत लागण्याआधी वर चढणाऱ्या माणसाला वेणी सालीसकट उतरवायला सांगा आणि शेजारच्याच जुन्या झाडावर बांधा. उभ्या झाडावरची वेणी मात्र घरी न्यायला काढू नका.