यावलमध्ये थंडी पडली की केळीला रात्री पाणी का देतात?

डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास आला की यावल-रावेर पट्ट्यात माणसं शेकोटीजवळ सरकतात आणि केळीच्या बागांतले पंप मात्र रात्री, पहाटे सुरू होतात. आधीच एवढा गारठा, त्यात पिकाला पाणी? बाहेरच्या माणसाला हे उलटंच वाटतं.

थंड देशांत खरोखरच उलटं करतात. हिवाळा तोंडावर आला की तिथं मोटरहोम, म्हणजे आत राहता येतं अशा गाडीच्या टाक्या, पंप आणि नळ्या रिकाम्या करतात. कारण पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. यावलमध्ये पारा तेवढा उतरत नाही, त्यामुळे इथं भीती पाइपची नाही, केळीची आहे. म्हणून इथं पाणी काढून टाकत नाहीत, सोडतात.

केळीला थंडी एवढी का लागते?

केळी हे उष्ण, दमट हवेतलं झाड. तापमान साधारण 16 अंशांच्या खाली गेलं की नवं पान येण्याचा वेग मंदावतो. 14 अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. निसवणीला आलेल्या झाडाचा घड बाहेर पडताना अडकतो, वेडावाकडा होतो. पानं पिवळी पडतात. तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि असं फळ पिकवलं तरी त्याला लख्ख पिवळा रंग येत नाही. रंग नाही म्हणजे भाव नाही.

परदेशात जाणारी केळी ज्या शीत कंटेनरमधून जातात, त्यांचं तापमानही साधारण 13 ते 14 अंशच ठेवतात, ते याचसाठी. सफरचंद शून्याजवळ चालतं, केळी चालत नाही.

जळगाव हा राज्यातला सगळ्यात मोठा केळी पिकवणारा जिल्हा. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. यावल, रावेर, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांत वर्षभराचं घरखर्चाचं गणित याच पिकावर बसतं. त्यामुळे चार-पाच गार रात्री म्हणजे नुसती हवामानाची बातमी नसते.

पाण्यानं ऊब कशी मिळते?

विहिरीचं, बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातलं असतं. तिथं दिवस-रात्रीचा, उन्हाळा-हिवाळ्याचा फारसा फरक पडत नाही. खानदेशासारख्या उष्ण भागात हे पाणी हिवाळ्यातही 25 अंशांच्या आसपास राहतं. पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात, त्या यामुळेच. बाहेर 9-10 अंश असताना हे पाणी म्हणजे बागेसाठी कोमट पाणीच.

आता हिशोब पाहा. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या एका एकरात साधारण 1,775 झाडं बसतात. प्रत्येक झाडाला 8 लिटर दिलं तर 14 हजार लिटर पाणी झालं. हे पाणी 25 वरून 10 अंशांपर्यंत गार होताना जी उष्णता सोडतं, ती सुमारे 245 युनिट विजेच्या हीटरएवढी भरते. त्यातली बरीच मोकळ्या आकाशात निघून जाते हे खरं, पण उरलेलीनं मुळांजवळची माती आणि जमिनीलगतची हवा थोडी उबदार राहते. अशा रात्री दोन अंशांचा फरकही मोठा असतो.

दुसरं कारण ओल्या मातीचं. कोरड्या मातीत हवेच्या पोकळ्या जास्त, त्यामुळे दिवसाचं ऊन खोलवर मुरत नाही. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते.

पण नळीत आधीपासून उभं असलेलं पाणी हवेबरोबर गार झालेलं असतं. ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असल्यानं सुरुवातीची काही मिनिटं गारच पाणी येतं. कोमट पाणी नंतर पोहोचतं.

मग भरपूर पाणी सोडावं का?

नाही. थंडीत झाड पाणी कमी ओढतं. माती चिखल झाली तर मुळांना हवा मिळत नाही आणि बागेतला ओलावा वाढला की करप्याला आयतं निमित्त मिळतं. वाफसा टिकेल एवढंच पाणी पुरेसं.

पाण्याच्या जोडीला बाकी उपायही लागतात. उत्तरेकडून येणारा गार वारा अडवायला बांधावर शेवरी, गजराज गवत किंवा हिरवी जाळी लावतात. घडावर छिद्रं असलेल्या पिशव्या चढवतात. पहाटे बागेत ठिकठिकाणी धूर करतात. तिथं एक मोठी आग पेटवण्यापेक्षा लहान लहान अनेक शेकोट्या बऱ्या, कारण मोठ्या आगीची गरम हवा सरळ वर निघून जाते.

दाट, वाढलेल्या बागेला स्वतःच्या पानांचं पांघरूण असतं. उघडी पडते ती नवी लागवड केलेली कांदेबाग आणि बांधाकडची पहिली ओळ. पाणी, आडोसा, धूर सगळं आधी तिथं.

खरी अडचण कुठं आहे?

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमानाची भरपाई मिळते. गेल्या काही हंगामांतला निकष असा: 1 नोव्हेंबर ते 28 फेब्रुवारी या काळात सलग 3 दिवस किमान तापमान 8 अंश किंवा त्याहून कमी असावं. पण केळीला त्रास 13-14 अंशांपासूनच सुरू होतो. म्हणजे 9 अंशांच्या दहा रात्री गेल्या, बाग पिवळी पडली, तरी निकष पूर्ण होत नाही. 14 आणि 8 यांच्या मधल्या रात्री शेतकऱ्यालाच निभावून न्याव्या लागतात.

आणि पाणी हातात असलं तरी वीज हवी. रात्री शेतात जायचं तर सातपुड्याच्या पायथ्याला साप आणि बिबट्याची भीती. म्हणून शेतकरी दिवसा वीज मागतात, सौर पंप बसवतात. ही मागणी रास्तच आहे. फक्त सौर पंप सूर्य मावळला की थांबतो आणि केळीला गरज असते पहाटे.

अशांनी काय करावं? थंडीच्या लाटेचा अंदाज आला की दुपारपर्यंत पाणी देऊन माती ओली करून ठेवावी, म्हणजे उरलेलं ऊन तिच्यात मुरतं. पहाटेच्या कोमट पाण्याएवढा फायदा होत नाही, पण कोरड्या जमिनीपेक्षा बाग नक्कीच कमी गारठते.