विश्लेषण : घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायचे, तर आधी काय शिकावे?

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यावरच्या नागापुरात गाणे किंवा पॉडकास्ट ध्वनिमुद्रित करायचे म्हटले, की पहिला अडथळा येतो तो आवाजाचाच. जवळ औद्योगिक वसाहत, रस्त्यावर अवजड वाहने आणि राहायला स्लॅबची दहा बाय बाराची खोली. तरीही भजने, पोवाडे, शिकवणीचे व्हिडीओ, लघुपटांचे संवाद आता अशाच खोल्यांत तयार होऊ लागले आहेत. त्यासाठी पैसे मात्र बहुतेक वेळा उलट्या क्रमाने खर्च होतात. आधी महागडा मायक्रोफोन, मग इंटरफेस, मग स्पीकर, आणि खोलीचा विचार सर्वांत शेवटी.

खोलीत खरोखर स्टुडिओ होतो का?

होतो. अमेरिकी गायिका बिली आयलिश हिचा २०१९ मधला पहिला अल्बम बव्हंशी लॉस एंजेलिसमधल्या घरी, भावाच्या बेडरूममध्ये मुद्रित झाला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. दुसरे टोकही त्याच शहरातले आहे. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) सिंफनी ऑर्केस्ट्रा मुद्रित केला तो लॉस एंजेलिस परिसरातल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर. मायक्रोफोन मुंबईतही मिळतात. पण मोठा वाद्यवृंद वाजवताना हवी असते ती तशी जागा, जिथे हजारो घनमीटर हवेत सूर मोकळा होतो. बेडरूममध्ये कुजबुजता एकल आवाज उत्तम घेता येतो, ऑर्केस्ट्रा नाही. कोणत्या जागेत काय शोभेल हे ओळखणे, हा ध्वनिमुद्रणाचा पहिला धडा.

खोलीचा दोष कसा ओळखायचा?

रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर ‘टर्र’ अशी थरथर ऐकू आली, तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे परतवत आहेत. ही थरथर गाण्यातही उतरते आणि एकदा उतरली की नीटपणे काढता येत नाही.

थरथरीवर उपाय सोपा आहे. भिंतीवर गोधड्या, जाड पडदे, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, पुस्तकांची मांडणी. तारसप्तकातला, टोकदार आवाज यात मुरतो. खरी डोकेदुखी खर्जाची. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे १०० हर्ट्झच्या स्वराची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. इतकी लांब लहर एक इंच फोमला दाद देत नाही. त्यातच खोलीच्या मापाचाही स्वर असतो. दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटीत आवाज घुमतो, बारा फुटांत ४७ च्या आसपास. लांबी-रुंदी सारखी असेल, तर दोन्ही घुमारे एकाच ठिकाणी पडतात. म्हणून दहा बाय दहाची चौरस खोली ध्वनिमुद्रणाला सर्वांत वाईट.

भिंतभर पातळ फोम चिकटवला की नेमका उलटा परिणाम होतो. ‘स’, ‘श’ची चमक शोषली जाते, खर्जाचा घुमारा तसाच राहतो आणि गाणे डब्यात गायल्यासारखे वाटते. त्यापेक्षा रॉकवूल किंवा काचलोकरीचे चार इंची पॅनेल कापडात गुंडाळून, भिंतीपासून थोडे अंतर सोडून कोपऱ्यांत उभे केलेले बरे. सुतार ते सहज बनवून देतो. काचलोकर उघडी मात्र ठेवू नये, तिचे तंतू त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात.

फोम किंवा गोधड्यांमुळे बाहेरचा ट्रक ऐकू येणे थांबत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. आतला आवाज मुरवणे आणि बाहेरचा अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. अडवायला वजन लागते. जाड भिंत, भरीव दार, फटी बंद करणारी रबरी पट्टी. अंड्यांचे ट्रे लावून बाहेरचा आवाज अडतो हा समज कुठून आला कोण जाणे, पण तो चुकीचा आहे. भाड्याच्या खोलीत भिंत जाड करता येत नाही. तिथे रस्त्यापासून सर्वांत लांबची खोली निवडणे आणि वाहतूक कमी असते ती वेळ शोधणे, एवढेच हातात असते. पत्र्याचे छत असेल तर पावसाळ्यात काम आकाशाकडे बघूनच ठरवावे लागते.

मायक्रोफोन कोणता घ्यावा?

इथे महाग म्हणजे चांगला हा हिशेब फसतो. कंडेन्सर मायक्रोफोन अतिशय संवेदनशील असतो, त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो आणि तो गायकाच्या श्वासाबरोबर शेजारचा मिक्सरही टिपतो. शांत, मुरलेल्या खोलीत तो अप्रतिम. गजबजलेल्या भागात साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ धरून घेतलेला आवाज अनेकदा जास्त स्वच्छ येतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून जगभरच्या मंचांवर दिसणारा मायक्रोफोन याच जातीचा.

फुकटातला सर्वांत मोठा फायदा अंतरातून मिळतो. मायक्रोफोन आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले, की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आल्यास बारा डेसिबल पदरात पडतात. फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो, म्हणून वीतभर अंतर ही चांगली सुरुवात. बहुतेक मायक्रोफोन पाठीमागून सर्वांत कमी ऐकतात. मायक्रोफोनची पाठ खिडकीकडे करावी. पंखा बंदच करावा, नगरचा उन्हाळा कितीही तापलेला असला तरी.

मराठीची एक खास अडचण आहे. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजने भरपूर. ‘भक्ती’, ‘फुगडी’, ‘पंढरी’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळून ‘धप्प’ असा ठोका उमटतो. पॉप फिल्टर लावावाच, शिवाय मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला वळवावा. झोत सरळ निघून जातो, शब्द मात्र पोहोचतो.

मागे येणारी गुणगुण कुठली?

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. केबल किंवा अर्थिंगमध्ये दोष असेल, तर ५० आणि १०० हर्ट्झची ‘हम्म’ मुद्रणात मिसळते. सर्वांत आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. बऱ्याचदा गुणगुण तिथेच संपते. मायक्रोफोनसाठी एक्सएलआर ही तीन पिनांची केबल वापरावी. तिच्यातल्या दोन तारांत तोच आवाज एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच असतो, त्यामुळे शेवटी वजाबाकी होऊन तो गळून पडतो. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा.

गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. तो कधीही ऐकू नये. मायक्रोफोनच्या धातूच्या जाळीला ओठ लागलेले असताना विजेचा धक्का जिवावर बेतू शकतो.

आवाजाची पातळी किती ठेवावी?

टेपच्या काळात पातळी चढी ठेवत, कारण टेपची स्वतःची खरखर दाबायची असे. डिजिटल मुद्रणात ती गरज उरलेली नाही. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजातले अंतर तत्त्वतः ९६ डेसिबल असते, २४ बिटमध्ये १४४. म्हणून २४ बिट निवडून, गायकाची सर्वांत मोठी तान मीटरवर उणे १२ च्या आसपास राहील इतकाच गेन द्यावा. मीटर शून्याला टेकला की लहरीचा माथा कापला जातो. कापलेला माथा परत बसवता येत नाही. तालमीत गायक सांभाळून गातो आणि खऱ्या मुद्रणात रंगात येतो, हे धरूनच जागा सोडावी.

नमुनादर व्हिडीओसाठी ४८ हजार, निव्वळ गाण्यासाठी ४४ हजार १०० पुरतो. माणसाला ऐकू येते ते फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत आणि त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरेसे असतात. त्याहून मोठे आकडे फाइल जड करतात.

भजनी मंडळ कसे मुद्रित करावे?

इथे कसोटी लागते ती टाळांची. टाळ गायकाच्या शेजारी वाजला की सगळे गाणे त्याच्याखाली दबते आणि नंतर दोघांना नीट वेगळे करणे अवघड जाते. उपाय जुनाच आहे. मिसळण्याचे काम माणसांच्या जागांनी करायचे. टाळकरी मागे, गायक पुढे, पखवाज एका अंगाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली. त्या काळी आपल्याकडे प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर जुळवण्याची सोय नव्हती. तोल साधायचा तो गाताना-वाजवतानाच.

दोन मायक्रोफोन असतील, तर त्यांच्यातले अंतर प्रत्येकाच्या गायकापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, नाहीतर आवाज पोकळ होतो. पेटीच्या भात्याजवळ मायक्रोफोन नेऊ नये, नुसता फुसफुसाट येतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावलेली कणीक सुकत गेली की स्वर हलतो. लांबलेल्या बैठकीत मध्येच थांबून तो तपासलेला बरा.

सॉफ्टवेअर आणि शिक्षण?

ऑडॅसिटी मोफत आहे, रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. सुरुवातीला ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर, थोडे इक्वलायझेशन आणि थोडे कॉम्प्रेशन एवढे आले की पुष्कळ. गाणे शेवटी कर्कश होईपर्यंत मोठे करण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या सेवा फार मोठा आवाज स्वतःच खाली आणतात.

औपचारिक शिक्षणासाठी पुण्यात भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था आहे. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर ती उभी राहिली आणि ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या ध्वनीसाठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी तिथलेच विद्यार्थी. तिथे पोहोचणे प्रत्येकाला जमणार नाही. पण नगरमध्येही माध्यमशिक्षणाची परंपरा आहे. नागराज मंजुळे यांनी संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले ते इथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच काळातला.

सराव कोणाच्या आवाजावर करावा?

घरातल्या आजीच्या. जात्यावरच्या ओव्या, हादग्याची गाणी, भारुडे पाठ असलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही हजार ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि नव्या ओव्या जुळणे थांबत गेले. पुढे हा ठेवा ‘परी’ या संकेतस्थळाने लोकांसमोर आणला, म्हणून त्या बायकांचे आवाज आज मोबाइलवर ऐकता येतात.

अशा मुद्रणाला इंटरफेसही लागत नाही. मोबाइल गोधडीच्या घडीवर, आजीपासून वीतभर अंतरावर ठेवावा. पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद करावेत. सुरुवातीलाच तिचे नाव, माहेर-सासरचे गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्यावी. फाइल एमपी३ मध्ये नव्हे, वेव्हमध्ये साठवावी आणि तिची दुसरी प्रत त्याच दिवशी मोबाइलबाहेर काढून ठेवावी.