हात सोडू नका!

वीकेंडला वाईचा प्लॅन ठरलाय? मग मेणवलीची चक्कर आलीच. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, ‘स्वदेस’च्या (२००४) शूटिंगची जागा... कॅमेरा बॅगेत राहणं अशक्य! घाटावर गर्दी असली की ट्रायपॉडची अडचण होते, म्हणून सोबत मोनोपॉड. पण हा एकपायी दोस्त फक्त वजन पेलतो, स्वतः उभा राहत नाही. हात सोडलात, की ईएमआयवरचा कॅमेरा कृष्णार्पण!

निघण्यापूर्वी: प्लेटचा स्क्रू घट्ट आवळा. प्लेट नीट बसली का, ते हलवून बघा. मोठ्या टेलिलेन्सला कॉलर असेल तर मोनोपॉड कॉलरलाच जोडा. तोल साधतो आणि कॅमेऱ्याच्या माउंटवर ताण येत नाही.

घाटावर: आधी जाड नळ्या उघडा, बारीक शेवटी. प्रत्येक लॉक वरून दाबून तपासा. पट्टा गळ्यात हवाच. वर फ्लॅश लावला की सगळं आणखी डोलतं, तेव्हा पकड घट्ट ठेवा. शेवाळलेल्या पायरीवर रबरी टोकही घसरतं, कोरडा दगड शोधा.

चालताना: कॅमेरा लावलेला मोनोपॉड खांद्यावर टाकून फिरू नका, मागच्याचं डोकं फुटेल! पायऱ्या उतरताना त्याची काठीही करू नका.

आणि परतताना वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घ्यायचंय? आधी कॅमेरा काढून बॅगेत ठेवा. दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय नमस्कार कसा होणार?