गोल बुरुजाचे कोपरे

"जुन्या कोरलच्या फाइल उघडणारं कुणी माहितीये का?" संपादकांनी विचारलं तेव्हा हा लेखाचा विषयही नव्हता, त्यांच्या स्नेही प्रकाशकाची अडचण होती. किल्ल्यांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती. मजकूर वर्ड ९७ मध्ये, तोही युनिकोडपूर्व मराठी फॉन्टात. नकाशे कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीतले. पहिल्या वेळी त्यांचे बटर पेपरवर प्रिंट काढून पानांवर हाताने चिकटवले होते. मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा तर चारशे पानांचं प्रूफ पुन्हा वाचा. त्यापेक्षा नकाशेच वर्डमध्ये घालू, असं ठरलं आणि मी नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांकडे पोचलो.

कोपऱ्यात पिवळट पडलेला विंडोज ९८ चा पीसी, प्रिंटरच्या पोर्टला फॉन्टचं लॉक. "हात लावू नका, फक्त बघा," काका म्हणाले.

इतिहास थोडक्यात असा. कोरलड्रॉ १९८९ साली कॅनडातल्या ओटावामध्ये जन्मलं. वर्डला परकी चित्रं वाचता यावीत म्हणून त्याच्यासोबत फिल्टरचा, म्हणजे गाळण्यांचा संच येई. त्यात कोरलसाठीही एक गाळणी होती. २००७ मध्ये ऑफिस २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने सुरक्षेचं कारण देऊन बऱ्याच जुन्या फाइलींना दार बंद केलं, त्यात कोरलच्याही होत्या. दोष फाइलींचा नसून त्या वाचणाऱ्या आपल्याच कोडचा, हे मायक्रोसॉफ्टने पुढे कबूल केलं.

काकांचा मात्र त्या गाळणीवर कधीच भरवसा नव्हता. ते कोरलमधूनच डब्ल्यूएमएफ काढतात, म्हणजे विंडोज मेटाफाइल. ही फाइल म्हणजे चित्र काढायच्या सूचनांची यादी: इथून तिथवर रेघ ओढ, हा आकार भर, या फॉन्टात ही अक्षरं लिही. वर्ड ती यादी वाचतो आणि चित्र नव्याने काढतो. पण त्या सूचनांत कोरलची लवचीक वक्ररेषाच नाही. वळण आलं की त्याचे सरळ तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्याचं टोक पूर्णांकावरच बसावं लागतं.

पडद्यावर राजगड उघडला. संजीवनी माचीचा डौलदार बाक, चिलखती बुरुजांची गोलाई. एक्स्पोर्ट केलं, वर्डमध्ये आणलं, मोठं करून पाहिलं, तर बुरूज अष्टकोनी झालेला!

काका हसले. नकाशा कोरलमध्ये चौपट मोठा केला, पुन्हा एक्स्पोर्ट केला आणि वर्डमध्ये २५ टक्क्यांवर आणला. तुकडे तितकेच बारीक झाले, बुरूज पुन्हा गोल दिसू लागला. मापाचा आकडा ३२,७६७ च्या पुढे जात नाही, म्हणून चौपटीच्या वर ते सहसा जात नाहीत.

खरी पंचाईत अक्षरांची. नावं अक्षरं म्हणून ठेवली तर हा फॉन्ट नसलेल्या प्रेसच्या मशीनवर 'बालेकिल्ला'च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा उमटतो. म्हणून ती कर्व्ह करायची, म्हणजे अक्षराची नुसती बाह्यरेषा ठेवायची. "कर्व्ह केलं की अक्षर मेलं," काका म्हणाले. चूक सापडली तर दुरुस्ती नाही. शिवाय बारीक टायपात तेच तुकडे पडतात: अनुस्वार चौकोनी, वेलांटी खडबडीत.

काकांनी मधला मार्ग काढला. माच्यांची मोठी नावं कर्व्ह केली. दरवाज्यांची, टाक्यांची बारीक नावं नकाशातून काढून वर्डच्या टेक्स्ट बॉक्समध्ये पुन्हा टाइप केली, पुस्तकाच्याच फॉन्टात. प्रेसला तो पुस्तकासाठी लागणारच होता. दुपार त्यात गेली. मग प्रकाशकांचा फोन आला: प्रस्तावनेत एक ओळ वाढवायची आहे. काकांनी ती वाढवली. मजकूर सरकला, नकाशा जागचा हलला नाही, पण पाली दरवाजा पुढच्या पानावर गेला.

चौदा नकाशांपैकी संध्याकाळपर्यंत दोन झाले. मी फाइलची तारीख पाहिली: १ जानेवारी १९८०. पीसीच्या घड्याळाची आतली बॅटरी संपली आहे. रोज सकाळी हे मशीन त्याच दिवशी जागं होतं.

"बॅटरी तर कुठेही मिळते, काका."

"मिळते हो. पण ती बदलायला कॅबिनेट उघडावं लागेल," ते म्हणाले, आणि पाली दरवाजा ओढत मागच्या पानावर आणू लागले.