बॉयलरची नाडी पाहणारे यंत्र

सफाळ्याहून केळवे रोड, पालघर, उमरोळी ही स्थानके मागे टाकीत रोज अनेक कामगार बोईसरला उतरतात आणि तारापूर औद्योगिक वसाहतीची वाट धरतात. तेथील औषधे, रसायने, कापड अशा अनेक उद्योगांना वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांसह तारापूर देशात सर्वांत वर होते. साहजिकच बॉयलरमध्ये इंधन कसे जळते, हा केवळ कारखानदाराच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही. या ज्वलनाचे निदान करणारे हातात मावणारे उपकरण म्हणजे फ्लू गॅस ॲनालायझर.

हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो. भट्टीला हवा कमी पडली की इंधन अर्धवट जळते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. हवा जास्त झाली तर ती उगाच तापते आणि उष्णता धुराड्यातून बाहेर नेते. धुरात ३ टक्के प्राणवायू उरला असेल, तर गरजेपेक्षा सुमारे १७ टक्के हवा जादा जात आहे असे समजावे. ६ टक्के असेल, तर ४० टक्के. धुराचे तापमान सुमारे २२ अंश सेल्सियसने उतरले की बॉयलरची कार्यक्षमता साधारण १ टक्क्याने वाढते, असा ठोकताळा आहे. पूर्वी हे मापन ओरसॅट या काचेच्या उपकरणाने, रसायनांच्या साहाय्याने होई. आता विद्युत-रासायनिक सेन्सर तेच काम काही मिनिटांत करतात.

मापन कसे करावे?

उपकरण मोकळ्या, स्वच्छ हवेत सुरू करावे. सुरू होताना ते भोवतालच्या हवेलाच प्रमाण मानून शून्य ठरवते. बॉयलरगृहातील धुरकट हवेत हे केले, तर पुढचे सर्व आकडे चुकतात. त्यानंतर योग्य इंधन निवडावे. बहुतेक उपकरणे कार्बन डाय-ऑक्साइड प्रत्यक्ष मोजत नाहीत. प्राणवायू आणि इंधनाचा प्रकार यांवरून तो गणिताने काढतात. प्रोबचे टोक बॉयलरच्या निर्गममार्गाच्या मध्यावर, शक्य तितके बॉयलरजवळ ठेवावे. पुढे डक्टच्या सांध्यांतून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर प्राणवायू फसवा जास्त दिसतो. बॉयलरवरील भार स्थिर असताना, आकडे स्थिरावल्यावरच नोंद करावी.

खरा धोका येथेच आहे. नळीला चीर गेली किंवा प्रोबचा जोड सैल झाला, तरी उपकरण बंद पडत नाही. ते धुरात बाहेरची हवा मिसळून मोजते. प्राणवायू जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी दिसतो. हवा जादा आहे असे समजून बॉयलर अटेंडंट डँपर आवळतो आणि प्रत्यक्षात ज्वलनच गुदमरते. म्हणून मापनापूर्वी प्रोबचे टोक बंद करून पंपाचा प्रवाह थांबतो की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

निगा कशी राखावी?

धुरातील वाफ नळीत थंड होऊन पाणी बनते. ते सेन्सरपर्यंत पोहोचले तर सेन्सर निकामी होतो. त्यामुळे पाणी साठवणारा सापळा वेळोवेळी रिकामा करावा व काजळलेला फिल्टर बदलावा. समुद्राजवळच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उपकरण ओले ठेवून पेटीत बंद करू नये. कार्बन मोनॉक्साइड सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेल्यास प्रोब लगेच बाहेर काढावा. काम संपल्यावरही पंप तसाच चालू ठेवून, पडद्यावर प्राणवायू २०.९ आणि कार्बन मोनॉक्साइड शून्य दिसेपर्यंत स्वच्छ हवा खेचू द्यावी. त्यानंतरच उपकरण बंद करावे.

सॉल्व्हंट किंवा स्वच्छतेची द्रावणे यांच्याशेजारी उपकरण ठेवू नये. त्यांच्या वाफांनी सेन्सर बिघडतात. प्राणवायूचा सेन्सर वापरला नाही तरी झिजतच असतो. अनेक उपकरणांत तो दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो. वर्षातून किमान एकदा प्रमाणित वायूंनी कॅलिब्रेशन करून घ्यावे आणि त्याची तारीख उपकरणावरच लिहून ठेवावी.

हे उपकरण धुरातील धूलिकण मोजत नाही. त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला अपेक्षित असलेल्या धुराड्याच्या अधिकृत तपासणीची जागा ते घेऊ शकत नाही. मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळात बॉयलर कसा चालतो, हे त्यातून रोज कळू शकते. प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचे तापमान हे तीन आकडे प्रत्येक पाळीत नोंदवहीत उतरवले, तर बिघाडाची चाहूल लवकर लागते. इंधन वाचते, आणि धुराड्याखाली काम करणाऱ्यांच्या व आसपासच्या गावांच्या वाट्याला येणारा धूरही कमी होतो.